गुरांची डोण

"आई, ही गुरांची डोण आहे," कर्ट म्हणाला.

"मग मी कुठे म्हटलं बाथटब आहे म्हणून? धर त्या बाजूने."

कर्टने धरली नाही. पिकअपच्या मागे दोरीने आवळून बांधलेल्या त्या काळ्याकुट्ट, जाड प्लास्टिकच्या डोणीकडे त्याने एकदा पाहिलं आणि मग समोरच्या घरांच्या खिडक्यांकडे पाहिलं. या नव्या वस्तीत घर घेतल्यापासून त्याला ही सवयच लागली होती. कोणी बघत नाही ना, हे आधी. आई काय म्हणते, ते नंतर.

"अशाच डोणीत तू पोहायला शिकलास," व्हर्ना टेस्मर म्हणाली. "गाई बाजूला उभ्या राहायच्या, तुझं होईपर्यंत. तेव्हा चालायची ती तुला."

"तेव्हा मी पाच वर्षांचा होतो."

"तेव्हा तुला अक्कल जास्त होती. धर म्हणते ना!"

शेवटी त्याने धरली. दोघांनी ती डोण बर्फातून ओढत नेली आणि तिरकी करून तळघरात उतरवली. उतरवताना भिंतीचा रंग जरासा खरवडला गेला.  कर्टने तो ओरखडा पाहिला, आणि त्याने पाहिला हे व्हर्नाने पाहिलं.

व्हर्ना अडुसष्ट वर्षांची होती. नवरा एल्मर गेला, त्यानंतर वर्षभर तिने एकटीने साठ गाई सांभाळल्या, मग विकल्या आणि मुलाकडे राहायला आली. बाकीच्या बायका म्हातारपणी मुलाकडे येतात तेव्हा फोटो आणि क्रोशाचे रुमाल घेऊन येतात. व्हर्ना समुद्र घेऊन आली. आठ फूट लांबीची काचेची टाकी, आत खारं पाणी, दगड, दगडांवर वाढलेली जांभळी-हिरवी पोवळी आणि गस. गस म्हणजे तळहाताएवढा पिवळाधमक मासा. त्याचं वय बावीस वर्षं. सुनेला, जॉडीला, हे पटायचंच नाही. मासा मेला की सासूबाई गुपचूप नवीन आणतात, असा तिचा पक्का समज होता.

खरा समुद्र विस्कॉन्सिनपासून हजार मैल लांब. व्हर्नाने तो उभ्या जन्मात दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा तिला तो जरा घाण वाटला होता. पण एका गाईने लाथ घालून तिचा पाय मोडला, त्या हिवाळ्यात एल्मरने तिच्या खाटेशेजारी एक छोटी टाकी आणून ठेवली, बाई जरा गप्प पडून राहील म्हणून. बाई गप्प राहिली नाही. टाकी मात्र दर दोन वर्षांनी वाढत गेली.

ऑक्टोबरात घोटाळा झाला. टाकीच्या पाठीला लटकवलेली जुनी गाळणी तुंबली, पाणी बाहेर वाहिलं आणि जॉडीने हौसेने घातलेली ओक लाकडाची जमीन पापडासारखी फुगली. चूक व्हर्नाची होती. तिने ती कबूलही केली, एकदाच, स्वच्छ शब्दांत. पण कबूल केलेल्या चुकीवर लोक जास्तच बोलतात.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. एवढ्या मोठ्या टाकीला सम्प लागतो, म्हणजे खाली आणखी एक टाकी. वरचं पाणी काठावरून सांडून पाइपाने खाली येतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. खालची टाकी हवी, याबद्दल वाद नव्हता. वाद होता ती कोणी करायची याचा.

कर्टने ड्वेन हॉल्वर्सनला बोलावलं. ड्वेन हा गावातल्या मत्स्यपालकांच्या क्लबचा अकरा वर्षं अध्यक्ष. बोलायला गोड, आणि सगळ्यांच्या टाक्यांबद्दल त्याला सगळं माहीत. आला, टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, गससमोर जरा जास्तच वेळ थांबला आणि म्हणाला, "मी देतो करून. पारदर्शक, कप्पे पाडलेली, निळ्या दिव्यांची. दर महिन्याला मी स्वतः येऊन बघत जाईन. व्हर्ना, तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं आणि मजा बघायची. हातसुद्धा लावायला नको."

"बघ आई, किती सोपं," कर्ट म्हणाला.

"आणि जमणार नसेल," ड्वेन पुढे म्हणाला, "तर मी गसला आणि बाकी सगळ्यांना माझ्याकडे नेईन. तुमच्या मनाला घोर नको."

हातसुद्धा लावायला नको! व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं पहाटे चारला उठून जिने गोठ्यातले पंप, नळ्या, दुधाच्या टाक्या स्वतः उघडून स्वतः जोडल्या, तिला हा उंटावरचा शहाणा खुर्ची दाखवत होता. आणि पोटचा पोर शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

"येत्या शनिवारी क्लबला बोलाव," ती म्हणाली. "मी माझी करते. मोज्यांची परीक्षा घ्या. एक मोजा ओला झाला, तर गस तुझा. टाकी, पोवळी, सगळं तुझं. नाही झाला, तर या घरात माझ्या टाकीबद्दल पुन्हा कोणी चकार शब्द काढायचा नाही."

"ठीक आहे," कर्ट म्हणाला. फारच लवकर म्हणाला.

मोज्यांची परीक्षा ही त्या क्लबची जुनी रीत. त्या मुलुखात घरात कोणी बूट घालून शिरत नाही. हिवाळ्यात दाराशी बुटांचा ढीग पडतो आणि माणसं मोज्यांवर वावरतात. कोणी नवी खालची टाकी बसवली की सगळा क्लब जाऊन तिच्याभोवती मोज्यांवर उभा राहतो. मग मालक सोडून दुसऱ्या कोणी तरी पंपाचा प्लग ओढायचा. कारण वीज एक ना एक दिवस जाणारच, बर्फाचं वादळ काही विचारून येत नाही. पंप थांबला की वर चढलेलं पाणी खाली उतरू लागतं. खाली त्याला जागा असेल तर ठीक, नसेल तर ते जमिनीवर येतं आणि मोज्यांना कळतं. पाणी आपणहून थांबेपर्यंत प्लग परत लावायचा नाही. थांबलं की प्रत्येकाने पाय उचलून तळवा दाखवायचा, आणि चिटणीस वहीत लिहिणार, कोरडे किंवा ओले.

डोण उतरवल्यावर चार दिवस व्हर्ना तळघरातच होती. डोणीला भोकं पाडली, पाइप कापले, जोडले. पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचा वास वर गेला आणि जॉडीने कुडकुडत सगळ्या खिडक्या उघडल्या. खाली किती पाणी उतरेल त्याच्या गणिताचं सूत्र ड्वेनने फोनवर पाठवलं होतं, ते व्हर्नाने उघडलंच नाही. तिने दुधाची बादली घेतली. पंपाचा पाइप वरच्या टाकीत सहा इंच बुडलेला होता. पंप थांबला की पाणी त्याच पाइपातून उलटं ओढलं जाणार, हे तिला माहीत होतं. ते लवकर थांबावं म्हणून तिने पाइपाला पाण्याच्या जरा खाली एक भोक पाडलं. पाणी भोकापर्यंत उतरलं की आत हवा शिरते आणि ओढ तुटते. पण भोकावरही तिचा भरवसा नव्हता. भोक नाहीच असं समजून तिने वरचं पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत बादलीने उपसलं आणि बादली बादली करून जिन्यावरून खाली आणून डोणीत ओतलं. तेरा बादल्या झाल्या. डोणीत बोटभर जागा उरली. यापेक्षा जास्त उरवता येईना, कारण पंप बुडायला तळाशी तेवढं पाणी लागतंच. पाणी ओतण्याआधी खालची पातळी जिथे होती, तिथे तिने खडूची रेघ मारून ठेवली होती; आता ती कंबर धरून पायरीवर बसली. सव्वीस खेपा झाल्या होत्या, तेरा उतरून आणि तेरा चढून.

गुरुवारी ड्वेन "सहज" डोकावला.

"अर्धी रिकामी का ठेवलीत?" डोणीत वाकून त्याने विचारलं. "पाणी जितकं जास्त, तितकं माशांना बरं. चांगली वरपर्यंत भरा."

"रिकामी नाही ती. वरचं पाणी येणार आहे, त्याची जागा राखून ठेवलीय."

"त्यासाठी एकतर्फी झडप असते हो. पाणी उलटं येतच नाही."

"आणि झडपेत कचरा अडकला तर?"

"माझ्या झडपेत अकरा वर्षांत अडकला नाही."

"अकरा वर्षांत तू कोणाला प्लग ओढू दिलास?"

ड्वेनने विषय बदलला. बाहेर थंडी फार आहे, असं तो म्हणाला.

"तुला सांगते ड्वेन, गोठ्यात मी एकच गोष्ट शिकले," व्हर्ना म्हणाली. "नेमकी दूध काढायच्या वेळी वीज जाते, आणि जे चालायलाच हवं तेच बंद पडतं. रिकामी बादली मात्र कधी बंद पडत नाही."

"पण दिसायला किती वाईट दिसतंय, व्हर्ना. कोणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"गाईंनी चाळीस वर्षं काही म्हटलं नाही."

शुक्रवारी पाकू लोर आली. पाकू क्लबची चिटणीस, पस्तिशीची, शहराच्या पाणीपुरवठ्यात नळ दुरुस्त करणारी. आग्नेय आशियातून आलेल्या तिच्या हमोंग घरच्या रिवाजाप्रमाणे ती व्हर्नाला आंटी म्हणायची. तिने आपल्या टाकीतले तीन मोठे दगड ओल्या फडक्यांत गुंडाळून आणले होते. नव्या टाकीला जुन्या टाकीतला जिवंत दगड द्यायचा, हीही क्लबची रीत. त्या दगडांच्या भोकाभोकांत किडे, शेवाळ, गोगलगाई असा अख्खा संसार असतो आणि तोच पाणी स्वच्छ ठेवतो.

"आंटी, हा मधला माझ्याकडचा सगळ्यात जुना. माझ्या लग्नाच्या आधीचा."

"आणि मला देतेस?"

"नवरा देऊ का मग?"

दोघी खो खो हसल्या. एकेक दगड दोघींनी मिळून उचलला आणि हलकेच डोणीत बसवला. व्हर्नाचे डोळे भरून आले. दोन वर्षांत तिच्यासाठी कोणी काही जड वस्तू उचलून आणली नव्हती, सगळे तिच्या हातातलं काढूनच घेत होते.

शनिवारी दोन वाजता दाराशी बुटांचा ढीग पडला. अकरा जण आले. कोणी बटाट्या-चीजचा मोठा पसरट ट्रे आणला, कोणी सॉसेजचे काप, कोणी लिंबाच्या वड्या. वर ते सगळं मांडून ठेवलं आणि मंडळी एकामागून एक खाली उतरली. कडक थंडीतली सिमेंटची जमीन मोज्यांतून बोचत होती. डोण पाहून दोघं-तिघं हसले. एकाने "हम्माऽऽ" असा आवाजही काढला.

"तुला दूध नाही मिळायचं," व्हर्ना त्याला म्हणाली.

जॉडी वरच थांबली. मला ते बघवणार नाही, मी टाकीपाशी उभी राहते, असं ती म्हणाली. कर्ट सगळ्यांच्या मागून आला आणि जिन्यातच, अंधारात, थांबला.

"तयार?" ड्वेनने विचारलं. प्लग तोच ओढणार होता.

"ओढ."

त्याने प्लग ओढला. पंपाची घरघर थांबली आणि एकदम शांत झालं. त्या शांततेत पाइपातून पाणी उतरायचा आवाज येऊ लागला. डोणीतलं पाणी चढू लागलं. सगळे वाकून बघत होते. चार बोटं चढलं, वीतभर चढलं. व्हर्ना हाताची घडी घालून उभी होती. आता भोक उघडं पडेल, हवा शिरेल, थांबेल.

थांबलं नाही.

"इथे पाणी उतरतंच आहे!" वरून जॉडी ओरडली. मग जरा वेळाने, "अहो, त्या पाइपाच्या भोकावर गोगलगाय बसलीय! चिकटलीय अगदी! काढू का मी?"

"हात लावू नकोस!" व्हर्ना खालून गरजली.

"पण साधं बोटाने..."

"वीज जाईल तेव्हा तू तिथे बोट घेऊन उभी असशील का? राहू दे ती!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. ड्वेन हळू आवाजात म्हणाला, "व्हर्ना, हट्ट पुरे. मी प्लग लावतो. सगळे म्हणतील, बाईंनी प्रयत्न चांगला केला." आणि त्याचा हात भिंतीकडे गेला.

"हात मागे घे, ड्वेन. तेरा बादल्या मोजल्यात मी. मावतं सगळं."

पाणी चढत होतं. आता काठाला बोटभर उरलं. आता अर्धं बोट. व्हर्नाने कान देऊन ऐकलं. वरून येणारा आवाज अजून भरघोस होता. तिच्या हिशेबाने एव्हाना तो मंद व्हायला हवा होता. तिने डोणीत पाहिलं.

दगड! बादल्या मोजल्या तेव्हा दगड नव्हते. दगड मागाहून आले आणि त्यांनी आपल्यापुरती जागा घेतली. खडूची रेघ कालच पाण्याखाली गेली होती, आणि तिने ती पाहिलीच नाही. नवखा माणूस ही चूक करणार नाही, तो दगडाला दगड समजतो. जन्म समुद्राच्या टाकीपाशी काढलेल्या माणसाला तो दगड वाटतच नाही, तो जीव वाटतो. आणि घरात पाहुणा आला तर त्याने किती जागा व्यापली हे कोण मोजतं?

पाणी काठाला लागलं. काठावर ते फुगून उभं राहिलं. ड्वेन एक पाऊल मागे सरला.

व्हर्नाने बाह्या सरसावल्यासुद्धा नाहीत. ती कोपरापर्यंत आत घुसली, मधला दगड दोन्ही हातांनी धरला आणि उचलला. पस्तीस पौंड, ओला, धारदार. छातीशी कवटाळून ती डोणीवर वाकून उभी राहिली. दगडातलं पाणी धारेने परत डोणीतच पडत होतं. काठावरचा फुगवटा जरासा बसला.

"आंटी!" पाकू पुढे आली.

"कोणी यायचं नाही! तिथेच थांबा!"

 पाठीतून कळ निघाली आणि मोडून जोडलेल्या पायापर्यंत गेली. स्वेटर चिंब झाला. एक किडा तिच्या मनगटावरून चालत गेला, तोही तिने झटकला नाही. डोणीतलं पाणी पुन्हा काठाकडे सरकू लागलं आणि व्हर्ना त्याच्याकडे अशी बघत राहिली की लाथाळ गाईनेसुद्धा मान खाली घातली असती.

वर कुठे तरी पाइपाने मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला. घळऽळ घळ. हवा शिरली होती. पाणी थांबलं.

 पाकू वही उघडून म्हणाली, "मोजे."

अकरा जणांनी पाय उचलले. राखाडी तळवे, पांढरे तळवे, एका मोज्याला अंगठ्याशी भोक. सगळे कोरडे. एका बाजूने टाळ्या सुरू झाल्या आणि व्हर्नाने दगड हळूच शेजारच्या बादलीत ठेवला.

"हे धरता येणार नाही," ड्वेन म्हणाला. "तिने दगड बाहेर काढला."

पाकूने वही चाळली. "नियम प्लगचा आहे. मालकाने दगडाला मिठी मारू नये, असं कुठे लिहिलेलं नाही."

लोक हसले. ड्वेनलाही थोडं हसावं लागलं.

"जाऊ दे ना, ड्वेन," जिन्यातून कर्ट म्हणाला. "जिंकली आई. राहू दे गं आई तुला तुझी टाकी."

त्याचा आवाज मायाळू होता. लहान मुलाने चित्र काढलं की म्हणतात ना, वा, किती छान, लाव भिंतीवर, तसा. व्हर्नाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आता तो दिव्याखाली आला होता. त्याने पाय उचलून दाखवला नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिची नजर खाली गेली.

कर्टने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले होते.

ज्या घरात जॉडी पोस्टमनलाही उंबऱ्यावर उभं करते, त्या घरात तो गॅरेजमधून गोठ्यातले बूट शोधून, घालून, जिन्यात येऊन उभा राहिला होता. ड्वेनसुद्धा मोज्यांवर उभा होता. जिंकायला आलेला माणूस, पण रीत पाळून आपले पाय तरी पणाला लावून उभा होता. आणि हा तिचा मुलगा. आई हरणार याची त्याला खात्री होती. परीक्षा सुरू व्हायच्या आधीपासून खात्री होती.

व्हर्नाला फार लागलं. पाठीपेक्षा, पायापेक्षा जास्त लागलं. क्षणभर तिला वाटलं, वर जावं आणि सगळं ड्वेनला देऊन टाकावं. पण ते एक क्षणभरच.

"बूट काढ," ती म्हणाली.

"आई, मी फक्त... समजा झालंच असतं तर कोणी तरी पुसायला..."

"घरात बूट चालत नाहीत. काढ."

मग ती सगळ्यांकडे वळली. स्वेटरच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं, म्हणून तिने हात डोणीवरच धरले होते.

"ड्वेनचं खरं आहे," ती म्हणाली. "मी दगड उचलला. जॉडीला बोट लावू दिलं नाही आणि स्वतः मात्र दोन्ही हात घातले. वीज जाईल तेव्हा मीही इथे नसेन. ही परीक्षा मी धरत नाही. दगड मोजायला मी विसरले, चूक माझी. आता तिन्ही बाहेर काढते. प्लग लावा, वरची टाकी भरू दे, आणि पुन्हा ओढा."

"आंटी, तुम्ही जिंकलात. मी लिहिलंसुद्धा," पाकू म्हणाली.

"खोड ते."

"हात दाखवून अवलक्षण कशाला करताय?" मघाशी हंबरणारा माणूस म्हणाला. आता तो अजिबात हसत नव्हता.

"आणि ती गोगलगाय?" ड्वेनने विचारलं.

"बसू दे तिला. तिचंही घर आहे ते."

प्लग लावला. पंप घरघरला, डोणीतलं पाणी उतरू लागलं. व्हर्नाने उरलेले दोन दगड स्वतः काढले, बादल्यांत ठेवले, स्वेटर काढून त्यांच्यावर टाकला. वरची टाकी भरायला दहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कर्ट पायरीवर बसून बूट ओढत होता. ते निघता निघत नव्हते. कोणी त्याला मदत केली नाही. शेवटी निघाले आणि तो खाली उतरला. एक मोजा निळा, एक काळा. कोणाला दिसेल असं त्याला वाटलंच नसावं.

"इथे उभा राहा," व्हर्नाने डोणीच्या काठाशी बोट दाखवलं. "अगदी इथे. सगळ्यांच्या पुढे."

तो उभा राहिला. ती स्वतः जाऊन जिन्यावर, तो उभा होता त्याच पायरीवर बसली. डोणीपासून दहा पावलं लांब. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबले.

"ड्वेन, ओढ."

पाणी चढलं. गोगलगाय हलली नव्हती, जॉडीने वरून सांगितलं. पाणी वीतभर चढलं, आणखी चढलं. कर्टच्या पायाची बोटं मोज्यांत आवळली गेलेली व्हर्नाला दिसत होती. पण तो मागे सरला नाही. ती डोणीकडे बघतच नव्हती. काठाला दोन बोटं उरली, मग दीड. मग वर पाइपाने हवा गिळली आणि काठाला बोटभर उरलं असताना पाणी थांबलं.

बारा जणांनी पाय उचलले. पाकूने मोजले, लिहिलं आणि या वेळी वहीवर ड्वेनची सही घेतली.  मंडळी वर खायला गेली. जिन्यात व्हर्नाच्या बाजूने जाताना प्रत्येकाने तिच्या ओल्या खांद्याला हात लावला, ड्वेननेही.

कर्ट डोणीपाशीच उभा होता.  पाण्यात बघत तो म्हणाला, "आई, पुढच्या वेळी मी बूट नाही घालणार."

व्हर्ना कठड्याला धरून उठली. गुडघे कुरकुरले, ते तिने कुरकुरू दिले.

"पुढची वेळ नाही, कर्ट," ती म्हणाली. "या घरात मी परीक्षा दिली ती शेवटची. आता ते दगड धू, टाकीतल्या खाऱ्या पाण्याने, नळाच्या नाही. किडे मरता कामा नयेत. झाल्यावर वर ये, तुझ्यासाठी बटाटे ठेवते."